एकतीस हजार तास

शनिवारी दुपारी ताई वॉर्डात आली तेव्हा दुसऱ्या पाळीच्या पेशंटना मशीनवरून उतरायला अजून तासभर होता. धाकटीने नणंदेला दारातच थांबवलं, चपला बाहेर काढायला लावल्या आणि बेसिनकडे बोट दाखवलं. घरी धाकट्या सुनेचा आवाज कुणाला फारसा ऐकू येत नसे. इथे ती इन्चार्ज सिस्टर होती.

"कोपरापर्यंत धुवा."

ताईने मुकाट्याने हात धुतले. तीन वर्षांपूर्वी डायलिसिस वॉर्डाच्या दारावर बाबांच्या नावाची पाटी लागली, त्या दिवशी ती या खोलीत जेमतेम पंधरा मिनिटं उभी होती. त्यानंतर आजच येत होती. मधल्या काळात तिने याच खोलीबद्दल दोन प्रमाणपत्रांवर सह्या केल्या होत्या, आणि ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. त्या सह्यांची झेरॉक्स तिच्या टेबलाच्या खणात होती.

सहा पलंग, सहा मशीन्स. पाच चालू होती. चौथ्यावर चादर टाकलेली होती.

"हे कधी बंद पडलं?"

"मागच्या गुरुवारी. नऊ दिवस झाले." धाकटी तिला मशीनच्या मागे भिंतीकडे घेऊन गेली आणि आवाज खाली आणला. "त्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या यावर. अडीच तास झाले होते आणि पंप थांबला. असं झालं की मागचं हँडल हाताने फिरवून नळीतलं रक्त परत अंगात सोडायचं असतं. मी फिरवायला गेले तर हँडल गंजलेलं, हलेचना. तोवर रक्त गोठलं. पेलाभर गेलं असेल. आधीच त्यांच्या अंगात रक्त नव्हतं. शनिवारी दुसऱ्या मशीनवर जागा काढता आली नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी त्या घरीच गेल्या."

"घरी? सोडलं त्यांना?"

"नाही हो ताई. गेल्या."

पलीकडच्या पलंगावरचे म्हातारे टॅक्सीवाले डोळे मिटून पडले होते. त्यांच्या दंडातून निघालेली लाल नळी मशीनमध्ये जात होती आणि परत येत होती.

"बुधवारी इंजिनिअर आला," धाकटी पुढे म्हणाली. "मागचं झाकण काढलं आणि हसलाच. म्हणाला, सिस्टर, या मशीनला मी ओळखतो. एका खासगी दवाखान्यातून आम्हीच बाद करून काढलं होतं. वरून रंग मारलाय आणि नंबराची नवी पट्टी चिकटवलीय, एवढंच."

तिने टॉर्च लावला. झाकणाच्या आत, धुळीने माखलेल्या काचेमागे छोटे आकडे होते. मशीन किती तास चाललं ते सांगणारा मीटर.

"एकतीस हजार चारशे सहा," ताईने वाचलं. आकडा दिसला की तिचं डोकं आपोआप चालू लागे. सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात तेवीस वर्षं काढली होती. दिवसाला बारा तास, आठवड्याला सहा दिवस, तीन वर्षं. अकरा हजार, फार तर साडेअकरा. उरलेले वीस हजार तास हे मशीन दुसरीकडे कुठेतरी चाललं होतं.

"बाकीची पाच?"

"रात्रपाळीत सगळी उघडून बघितली मी. सगळ्यात कमी अठ्ठावीस हजार." धाकटीने टॉर्च बंद केला. "बिल तर नव्या मशीन्सचं आहे ना, ताई? बिल दादांनीच आणलं होतं ना?"

सोमवारी दुपारपर्यंत तिसऱ्या वर्षाचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. मोठी देणगी घेतली की रुग्णालयाला देखरेख समिती नेमावी लागे: अधीक्षक, हिशेबनीस आणि देणगीदाराचा एक प्रतिनिधी. तिघांनी दरवर्षी लिहून द्यायचं की सांगितली तीच वस्तू विकत घेतली, ती प्रत्यक्ष पाहिली, आणि ती चालू आहे. घरच्यांच्या वतीने सही ताईची असे. त्यासाठी आईने तिलाच निवडलं होतं. आमच्या घरात हिशेबातलं हिलाच कळतं, असं ती तेव्हा अभिमानाने चारचौघांत म्हणाली होती.

*

रविवारी सगळे दादाकडे जमले. दरवर्षी असंच ठरलेलं. प्रमाणपत्राचा कागद दादा रुग्णालयातून घेऊन येई, जेवणाच्या टेबलावर ठेवी, ताई सही करी आणि मग वहिनी पानं वाढायला घेई.

कागद काढताना दादाला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. ताईने पर्स मांडीवरच ठेवली होती, पाहुणी ठेवते तशी. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. धाकटा नेहमीसारखा फोनमध्ये. टेबलाच्या टोकाला आई.

"काल मी वॉर्डात जाऊन आले," ताई म्हणाली.

"बरं केलंस. कशी चाललीत मशीन्स?"

"जुनी आहेत, दादा."

"जुनी म्हणजे?" धाकटा हसला. "तीन वर्षं झाली की त्यांना."

"इथे यायच्या आधीच सतरा-वीस हजार तास चालून आलेली आहेत. सगळी. भंगारातून उचलून रंगवलेली."

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. तीन वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. आता ते आलं तेव्हा त्याला पहिल्यांदा काय वाटलं, तर हलकं. आणि लगेच राग आला. बाविसाव्या वर्षी कॉलेज सोडून तो बाबांच्या छापखान्यात उभा राहिला होता. ताईची फी त्याने भरली. धाकट्याने आधी मोटारींचं दुकान काढलं, मग शीतगृह काढलं, दोन्ही बुडवली आणि दोन्ही वेळा निस्तरायला दादाच. घरात काही तुटलं-फुटलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत. आज त्या माना पुन्हा वळल्या होत्या, पण नजरा वेगळ्या होत्या.

"भंगारातून नाही," तो म्हणाला. "दुरुस्त करून घेतली होती. चालणारी होती. मी स्वतः चालवून बघितली."

"बिल नव्याचं आहे."

"आहे."

"मग उरलेली रक्कम कुठे गेली?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पुढे येऊन हातातला डाव टेबलावर आपटला.

"सांगा ना! किती दिवस सगळ्यांचं पोटात घालून बसणार? तुम्ही खाल्लेत असं वाटेल त्यांना. सांगा एकदाचं!"

"त्याच्या फ्लॅटमध्ये गेली," दादा म्हणाला. त्याने हाताने नुसतं धाकट्याकडे दाखवलं.

धाकट्याने फोन उलटा ठेवला.

"बँक लिलाव करणार होती," दादा आता ताईकडे बघून बोलत होता. "पंधरा दिवसांची नोटीस होती. हा माझ्यासमोर बसून रडत होता, मी बायकोला काय सांगू म्हणून. छापखान्यावर आधीच कर्ज. दुसरीकडून पैसे येणार कुठून? आणि तेवढ्यात आईने जमीन विकून मशीन्ससाठी रक्कम माझ्या हातात दिली. मी हिशेब केला. सहा मशीन्स तर सहा मशीन्स, लोकांना डायलिसिस मिळेल, याचंही घर राहील. बाबांच्या नावाला कुठे कमीपणा येत होता?"

"तू म्हणाला होतास बँकेने तडजोड केली," धाकटी नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बँकेतल्या माणसाशी तुझी ओळख निघाली, असं म्हणाला होतास."

"तुला त्रास नको म्हणून..."

"मी त्या मशीनचं हँडल फिरवत होते रे. या हातांनी."

धाकट्याने उलटा ठेवलेला फोन खिशात घातला.

"आणि आई," दादा म्हणाला, "तुला आठवतंय ना? रुग्णालयाच्या आवारातच आपण बोललो होतो. तू म्हणालीस, काहीही कर, पण त्याचं घर जाऊ देऊ नकोस. मी म्हटलं, बघतो. तू पुढे विचारलं नाहीस."

आईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

"म्हणजे आता आईवर ढकल," ताई म्हणाली.

तेव्हा दादाचा तोल गेला. "मी कुणावर ढकलत नाही. केलं ते मी केलं. पण तू कोणत्या तोंडाने बोलतेस? दोन वर्षं तू सही केलीस. याच खुर्चीत बसून. 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं छापलंय त्याच्यावर, मोठ्या अक्षरात. मी म्हणायचो, वाचून तरी घे. तू म्हणायचीस, दादा, तुझ्यावर विश्वास नाही का माझा? दुसऱ्यांच्या कार्यालयात जाऊन टाचण्यांचे डबे मोजणारी तू, रुग्णालय तुझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर! मी चोर असेन तर तू माझी साक्षीदार आहेस. दोनदा."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दादाला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली. लहानपणी तिच्या सायकलची चेन बसवून देताना ती त्याच्या शेजारी अशीच तोंड मिटून उभी राहायची.

त्याने आवाज खाली घेतला. "ऐक. मी मार्ग काढलाय. छापखान्याचं मोठं मशीन विकतो. वर्षाला दोन नवी आणून देतो, गुपचूप. तीन वर्षांत सगळी नवी होतील. कुणाचं काही जाणार नाही. तू फक्त उद्याचा कागद निभावून ने."

*

ताई स्वयंपाकघरात आली ती पाणी प्यायला. धाकटी तिच्या मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं. बाहेर वहिनी कुणाशीतरी हळू आवाजात बोलत होती, बहुधा धाकट्याशी. इतक्या वर्षांत त्या दोघांना एकमेकांशी असं बोलताना ताईने पाहिलं नव्हतं.

"ताई, सही करून टाका."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काल तूच मला बोलावलंस."

"हो."

"टॉर्च लावून तू मला आकडे दाखवलेस."

"हो, ताई. पण रात्रभर मी दुसराच विचार करतेय. तुम्ही लिहिलंत की चौकशी लागणार. चौकशी लागली की पहिल्यांदा वॉर्डाला सील. बरोबर ना? पुरावा म्हणून. तुम्हीच सांगा, किती दिवस?"

"दोन-तीन महिने. जास्तही लागू शकतात."

"चौतीस पेशंट आहेत माझ्याकडे. एकाआड एक दिवस त्यांना मशीन लागतं. दुसरं फुकट केंद्र बसने तीन तासांवर आहे. टॅक्सीवाले काका तीन तास जातील, चार तास मशीनवर, तीन तास परत? आठवड्यातून तीनदा? ती नववीतली मुलगी? ती शाळेत कधी जाणार?" धाकटीने बेसिनचा नळ सोडला आणि तसाच बंद केला. "जुनं का होईना, मशीन चालतंय. मी रोज स्वतः तपासीन. हँडल मी तेल घालून मोकळी केलीत सगळी."

"हे तू काल का नाही म्हणालीस?"

"काल मला फ्लॅटचं माहीत नव्हतं."

मग धाकटीच्या तोंडून हसू फुटल्यासारखा आवाज आला आणि तिने हाताने तोंड दाबलं.

"बघा, काय बोलून गेले मी. रात्रभर विचार करतेय म्हटलं आणि... विचार केलाच होता हो मी. पण बोलणार नव्हते. आता बोलले." तिचे डोळे भरून आले. "मला खरंच कळत नाहीये, मी पेशंटसाठी सांगतेय की माझ्या भिंतींसाठी. तुम्हाला कळत असेल तर तुम्ही सांगा."

ताईला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. कारण तीही तोच हिशेब करत होती. प्रमाणपत्राबद्दल खरं लिहायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागणार होती. न पाहता सही करणाऱ्या लेखापरीक्षकाला खातं ठेवत नाही. पेन्शनला सात वर्षं उरली होती. ती एकटी राहत होती. दुसरा आधार नव्हता. चौतीस पेशंटचं कारण तिलाही हवंसं वाटत होतं, आणि ते इतकं खरं होतं की त्याच्या आड आणखी काहीही लपवता आलं असतं.

"चल बाहेर," ती म्हणाली.

*

आई सगळ्यांची तोंडं बघत होती. वय चौऱ्याहत्तर. कान अजून तिखट होते. दार लोटलं तरी स्वयंपाकघरातलं निम्मं बोलणं तिला ऐकू आलं होतं.

ताई बाहेर आली, खुर्ची ओढून बसली आणि तिने पर्समधून पेन काढलं. दादाने कागद तिच्याकडे सरकवला. वहिनीने सुस्कारा सोडला. धाकटा उठून ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही अशा विचारात. एका सहीसाठी सगळं घर एका बाजूला झालं होतं. नवरा गेल्यापासून आईने ही मुलं अशी एकत्र आलेली पाहिली नव्हती.

तिला नवऱ्याचे शेवटचे आठवडे आठवले. याच रुग्णालयाच्या व्हरांड्यात, लाकडी बाकावर, ते नंबराची वाट बघत बसायचे. तेव्हा अख्ख्या रुग्णालयात एकच मशीन. पाय सुजून बूट चढत नसत, म्हणून ती त्यांच्यासाठी घरातून मोठ्या मापाच्या सपाता घेऊन जायची. एकदा ते म्हणाले, माझ्या आधीच्या माणसाला लवकर उरकायला सांगावंसं वाटतं गं, आणि मग त्याची लाज वाटते. ते गेल्यावर तिने जमीन विकायची ठरवली ती त्या एका वाक्यामुळे. कुणाला तसं वाटू नये म्हणून.

"थांब जरा," ती म्हणाली.

ताईने पेन कागदावर टेकवलेलं नव्हतं अजून.

"ती बाई गेली, तिच्यामागे कोण आहे?"

धाकटी म्हणाली, "दोन मुली, आई. मोठी अकरा वर्षांची. मावशीकडे आहेत आता."

"त्यांना काय सांगितलंत?"

"आजार होता म्हणून. तो तर होताच."

"आणि दादा, वर्षाला दोन म्हणालास. पहिल्या वर्षी दोन नवी आली, तर चार जुनीच राहतील?"

"आई, ती चालतात..."

"चौथंही चालत होतं."

दादाने तोंड फिरवलं. त्याच्या मानेवरच्या सुरकुत्या आईला दिसल्या. पोरगा म्हातारा झाला होता आणि तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिला ताईला सांगावंसं वाटलं, पेन ठेव. आणि त्याच वेळी सांगावंसं वाटलं, कर सही, याला वाचव.

"आई, तूच सांग," ताई म्हणाली. "तू सांगशील ते करते."

आईने ताईच्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही. एकदा न विचारता सांगून बसले, काहीही कर म्हणून. पुन्हा माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नका."

ताईने पेनाचं टोपण लावलं. कागद उचलून घडी न करता पर्समध्ये ठेवला.

"लिहिणार आहेस तू," दादा म्हणाला.

"हो."

"मला आत टाकतील."

"दादा, पहिलं पान माझ्यावर असेल."

"त्याने मला काय फरक पडतो? माझ्या पोरीचं लग्नाचं वय झालंय. तिला काय सांगू, आत्याने..." त्याने वहिनीकडे बघितलं. "वाढ आता. जे जेवणार असतील त्यांना वाढ."

ताई उठली. दारापर्यंत तिला कुणी सोडायला आलं नाही. आई बसलेल्या जागेवरून हलली नाही, आणि त्याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

*

सोमवारी सकाळी अधीक्षकांनी ताईने लिहिलेली चारही पानं उभ्या-उभ्याच वाचली. मग दार लावून घेतलं.

"मॅडम, मला निवृत्त व्हायला चार महिने आहेत."

"माहीत आहे."

"आणि हे पहिलं पान कशाला? 'मी दोन वर्षं पाहणी न करता सही केली.' काढून टाकू या. मशीन्सचं काय ते पुढच्या तीन पानांत आहेच. तुमची नोकरी तरी वाचेल."

"मी पाहिली होती म्हटलं, तर मशीन्स माझ्या सहीनंतर बदलली असा अर्थ होईल. मग तुमच्या स्टोअरच्या माणसाला धरतील. सिस्टरला धरतील."

अधीक्षक खुर्चीत बसले. "मीही सही केलीय त्या कागदांवर," ते म्हणाले. "तुमची बघून केली. लेखापरीक्षण खात्याच्या बाई आहेत म्हटल्यावर..."

ताईने पोच मागितली. त्यांनी तारखेचा शिक्का मारला. शिक्क्याची शाई वाळत आली होती, तो दोनदा मारावा लागला.

बुधवारी वॉर्डाला सील लागलं. बसची व्यवस्था करा म्हणून ताईने आपल्या अर्जात शेवटी लिहिलं होतं. ती तीन आठवड्यांनी झाली. तोवर लोक आपापले त्या दुसऱ्या केंद्रावर जात राहिले. धाकटी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जात असे, रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घेऊन. नववीतल्या मुलीचं वर्ष बुडालं. टॅक्सीवाले काका पाचव्या आठवड्यात बसथांब्यावर आले नाहीत. धाकटी घरी गेली तर म्हणाले, सिस्टर, आयुष्यभर लोकांना पोचवलं, आता मला कुणी कुठे पोचवू नका. बारा दिवसांनी ते गेले. आणखी एक पेशंट, एक शिक्षिका, वाटेतच गेली. धाकटीने दोन्ही वेळा ताईला फोन करून फक्त नाव आणि तारीख सांगितली आणि फोन ठेवून दिला.

शिवणकामवाल्या बाईंच्या बाबतीत चौकशी अहवालात एकच ओळ आली: मृत्यू मशीनमधील बिघाडामुळेच झाला असे निश्चितपणे म्हणता येत नाही.

दादा सतरा दिवस कोठडीत होता. जामिनासाठी वहिनीचे दागिने गेले. वसुलीची नोटीस आली तेव्हा छापखाना विकला गेला, धाकट्याचा फ्लॅटही. फ्लॅट गेल्यावर धाकटा आणि धाकटी दादाच्याच घरी राहायला आले, मागच्या खोलीत. दोघे भाऊ सकाळी एकत्र वकिलाकडे जात, एका स्कूटरवर. शीतगृह बुडाल्यापासून त्यांच्यात धड संवाद नव्हता. आता ते तासन्‌तास बोलत, आणि बोलणं बहुतेक ताईबद्दल असे. ताईला आधी निलंबित केलं, मग कमी केलं. ती एका औषधविक्रेत्याच्या हिशेबाच्या वह्या लिहायचं काम बघू लागली.

वसुलीच्या रकमेतून अकराव्या आठवड्यात चार मशीन्स आली. सहाऐवजी चार, पण नवी. वॉर्ड उघडला त्या दिवशी ताईला कुणी कळवलं नाही. तिला ते औषधांच्या दुकानात एका पेशंटच्या नातेवाइकाकडून कळलं.

त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी, ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. तिने ताईकडे बघितलं, आत वळून "आई, तुमच्याकडे कुणीतरी आलंय" एवढं म्हणाली आणि दार अर्धवट लोटून निघून गेली. आई जिन्यावर आली. बारीक झाली होती. अंगावर घरातलंच लुगडं, पायात वहिनीच्या चपला.

"वॉर्ड उघडला म्हणे," ताई म्हणाली.

"हो. धाकटी सांगत होती. सगळे पेशंट लाइनीत बसतात म्हणाली, शाळेच्या पहिल्या दिवशी मुली बसतात तसे."

आईने पायातल्या चपला सारख्या केल्या.

"तू केलंस ते बरोबर होतं," आई म्हणाली. "माझ्याच्याने झालं नसतं ते. मी त्या दिवशी गप्प बसले, तेव्हा मनात तुला कर म्हणत होते की नको म्हणत होते, ते मला अजून कळलेलं नाही. पण तू केलंस ते बरोबर होतं. हे मी घरातही सांगितलं."

"मग आत बोलाव ना मला, आई."

आईने मागे अर्धवट उघड्या दाराकडे बघितलं. आतून दादाच्या खोकल्याचा आवाज आला.

"हे घर त्याचं आहे," ती म्हणाली. "छापखाना गेला, नाव गेलं. बाहेर कुणी त्याला नमस्कार घालत नाही. दार कुणाला उघडायचं आणि कुणाला नाही, एवढंच त्याच्या हातात उरलंय. तेवढं राहू दे त्याच्याकडे."

ताईने मान हलवली.

"चल, कोपऱ्यापर्यंत येते," आई म्हणाली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. ताईने हात पुढे केला. आईने तो धरला. रस्त्यावर ऊन होतं. दोघी दुकानांच्या सावलीतून हळूहळू चालल्या, फारसं न बोलता. कोपऱ्यावर औषधांची गाडी उभी होती, तिच्याशेजारी आई थांबली आणि तिने ताईचा हात सोडला.

"पुढच्या वेळी फोन करून निघ," ती म्हणाली. "मी इथे येऊन थांबत जाईन."